अकरावीतला मुलगा गप्प झालाय: कोर्स लावू की काउन्सेलिंग?

प्रश्न, थोडक्यात: आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मिस्टर एपीएमसी मार्केटला कामाला आहेत. मुलगा १६ वर्षांचा. मराठी माध्यमातून दहावीला ९१ टक्के मिळाले, आता अकरावी सायन्सला ठाण्यातल्या इंटिग्रेटेड क्लासला जातो. वर्षाची फी भरून झाली आहे. दिवाळीपासून घरात कुणाशी धड बोलत नाही. ओरलला आवाज थरथरतो म्हणतो. दोनदा क्लासला जातो सांगून ठाणे स्टेशनवर बसून परत आला. सेक्टरच्या मैदानात क्रिकेट खेळायचा, तेही सोडलं. आत्मविश्वास वाढावा म्हणून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स लावू की काउन्सेलरकडे नेऊ? मिस्टर म्हणतात, पोरगं काय वेडं आहे का, लोक काय म्हणतील.

ताई, सरळ उत्तर आधी देते, म्हणजे उरलेलं निवांत वाचता येईल. कोर्स आत्ता लावू नका. काउन्सेलरकडे न्या. आणि त्याची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, आज रात्रीच घरात त्याला एक गोष्ट विचारायची आहे. ती जरा खाली सांगते.

मी ठाण्यात नौपाड्यात २२ वर्षं काउन्सेलिंगचं काम करते आहे. कोर्सवाल्यांशी माझं भांडण नाही, काही जण चांगलं शिकवतात. पण तिथे पहिल्याच दिवशी हातात माइक देऊन चाळीस मुलांसमोर उभं करतात. ज्याला पोहता येतं पण उडी मारायला लाज वाटते, त्याला मागून हलका धक्का दिलेला चालतो. ज्याचे पाय भीतीने गारठलेत त्याला ढकललं, तर तो पुन्हा त्या विहिरीकडे फिरकत नाही. अशी ढकललेली मुलं सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात आणि मग पहिले काही आठवडे त्या माइकचीच भीती काढण्यात जातात.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. टक्के, क्लास, फी यांच्या मध्ये 'मराठी माध्यमातून' हे दोन शब्द तुम्ही जाता जाता लिहिलेत. मी तिथेच अडकले. सेमी इंग्लिश होतं का त्याला? नसेल तर विचार करा: दहा वर्षं हा मुलगा त्वरण, विस्थापन, प्रकाशाचे अपवर्तन म्हणत आला. त्यात तो पक्का होता, उगाच ९१ मिळत नाहीत. आणि एका जूनमध्ये तेच सगळं इंग्रजीतून, तेही भरधाव, आणि आजूबाजूची मुलं आपसात इंग्रजी-हिंदीत बोलणारी. त्याला उत्तर येत असतं. पण ते मनात मराठीत तयार होतं, इंग्रजीत बांधेपर्यंत दुसऱ्याने दिलेलं असतं. असं पंधरा दिवस झालं की मूल उत्तर तयार करणंच सोडून देतं. बाहेरून बघणारा म्हणतो, कॉन्फिडन्स नाही.

त्यात इंटिग्रेटेड. कॉलेज कागदावर, प्रत्यक्षात प्रॅक्टिकलपुरतं. म्हणजे कट्टा नाही, कॅन्टीन नाही, गॅदरिंग नाही. दर चाचणीनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलते, त्यामुळे शेजारी बसणाराही टिकत नाही. शाळेतले मित्र कुणी वाशीला, कुणी नेरूळला पांगलेले. शाळेत जो पहिल्या तिनात होता तो इथे खालच्या बॅचला. मोठ्या माणसाची नोकरी, गाव आणि मित्र एकाच महिन्यात सुटले तर आपण त्याला भेटायला जाऊ, डबा घेऊन जाऊ. मुलाला मात्र आपण विचारतो, टेस्टमध्ये किती?

अर्थात मी त्याला पाहिलेलं नाही. हा माझा अंदाज आहे आणि तो चुकू शकतो. कुणी त्रास देत असेल, चिडवत असेल, प्रेमात काही झालं असेल, कुणा मोठ्या माणसाने नको ते केलं असेल, मोबाइलवर कुठे अडकला असेल. किंवा खरंच नैराश्याचा आजार असेल. क्रिकेट सोडलं, हे मला क्लास बुडवण्यापेक्षा जास्त टोचलं. क्लास बुडवायला कारणं असतात. आवडीची गोष्ट नकोशी होणं हे वेगळं लक्षण आहे. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं, 'मी बिनकामाचा' असं बोलणं, आंघोळीचाही कंटाळा, हे रोजच्या रोज दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं असेल तर काउन्सेलरबरोबर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनाही दाखवा.

आता ती गोष्ट. आज रात्री तो एकटा असताना, टीव्ही बंद करून, शेजारी बसून विचारा: "बाळा, तुला कधी असं वाटतं का की जगूच नये? मरून जावं असा विचार येतो का?" याच शब्दांत. आडून आडून नको. विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते. तसं होत नाही, हे या विषयातल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल सुटकेचा श्वास टाकतं. 'नाही' म्हणाला आणि वैतागला तरी चालेल, दार उघडं आहे हे त्याला कळलं. 'हो' म्हणाला तर रडू नका, शपथा घालू नका, 'आमचा विचार केलास का' म्हणू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढंच म्हणा. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि विषारी वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर टेलि-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घरची माणसं लपवाछपवी करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असं धरलं जातं, तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

हे विचारून झालं, उत्तर 'नाही' आलं, की पुढचं काम घाईचं नाही. मधल्या दिवसांत एकदा फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. सहा महिने 'आळशी' म्हणून बोलणी खाल्लेल्या पोराचं बी-१२ तळाला गेलेलं मी पाहिलंय. आणि झोप मोजा. या वयाला ८ ते १० तास लागतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर पड म्हटलं तरी झोप येत नाही, आणि सकाळी सातची बॅच.

आता काउन्सेलिंगमध्ये नक्की काय होतं, कारण बरेच पालक 'तुम्ही त्याला चार शब्द समजावून सांगा' म्हणून आणून सोडतात. समजावणं घरी भरपूर झालेलं असतं. पहिल्या भेटीत आई-वडिलांशी पंधरा-वीस मिनिटं बोलते, मग त्यांना बाहेर बसवते. आई उठायला तयार नसते. मी मुलाला प्रश्न विचारते आणि उत्तर आई देते, हे माझ्या खोलीतलं रोजचं दृश्य. मग मुलाला सांगते: तू इथे बोलशील ते माझ्याकडे राहील. तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका, तुझ्याकडून दुसऱ्याला धोका, आणि तुझ्यावर कुणी अत्याचार करत असेल तर. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे मला ते कळवावंच लागतं, हेही आधीच सांगते. पालकांनाही हेच सांगते. त्यामुळे ताई, भेटीनंतर ट्रेनमध्ये 'काय काय विचारलं मॅडमनी?' असं विचारू नका. तुम्हाला काय कळणं गरजेचं आहे ते आम्ही दोघं ठरवून तुम्हाला सांगतो.

कधी कधी पहिल्या दोन-तीन भेटींत काहीच होत नाही. एका मुलाने तीन भेटी माझ्या टेबलावरच्या पेनांची टोपणं जुळवण्यात घालवल्या. वडील फीचा हिशोब करत होते, त्यांचंही चूक नाही. चौथ्या वेळी टोपण लावता लावता तो म्हणाला, "सर नाव घेतात ना, तेव्हा मला ऐकूच येत नाही." तिथून काम सुरू झालं.

भीतीचं गणित साधं आणि चिवट असतं. नाव पुकारलं की छाती धडधडते, घसा सुकतो, आवाज कापतो. क्लास चुकवला की पाच मिनिटांत बरं वाटतं. हे बरं वाटणंच घातक आहे. नायटा खाजवल्यावर बरं वाटतं तसं. पुढच्या वेळी खाज वाढलेली असते. तुमचा मुलगा स्टेशनवर बसला तेव्हा त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं असणार, आणि घरी येईपर्यंत स्वतःची शिसारी आली असणार. त्याला त्यावरून रागावून झालं असेल तर ठीक, आता पुन्हा नको.

मग आम्ही शिडी करतो. एका मुलीची सांगते, ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. सतरा वर्षांची, चारचौघांत तोंड उघडायची नाही. कशाची किती भीती वाटते याला तिने शंभरपैकी आकडे दिले. वडापावच्या गाडीवर 'सुकी चटणी जास्त द्या' म्हणणं २०. तिकीट खिडकीवर चौकशी करणं ३५. वर्गातल्या शेजारणीकडे वही मागणं ५०. क्लास सुटल्यावर सरांना डाउट विचारणं ७०. भर वर्गात हात वर करणं ९५. सुरुवात चटणीपासून. एका आठवड्यात पाच वेळा. कानात इअरफोन नाही, वाक्य मनात घोकायचं नाही, आणि धडधड थोडी उतरेपर्यंत तिथून पळायचं नाही. वहीत दोन रकाने: काय होईल असं वाटलं, आणि काय झालं. गाडीवाल्याने दुसऱ्या आठवड्यात न मागता चटणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती माझ्यावर चिडली. "आता मी कुणाला मागू?" मी खूश.

पुढे मी घाई केली. परीक्षा जवळ आली म्हणून दोन पायऱ्या एकदम चढवल्या. तिने वर्गात हात वर केला, प्रश्न विचारला, सर म्हणाले हे तर आठवीचं आहे, आणि वर्ग हसला. ती दोन आठवडे क्लासलाच गेली नाही. चूक माझी होती, तसं तिला सांगितलं. पुन्हा वही मागण्याच्या पायरीवर आलो. त्या दिवसाची नोंद तिने खूप उशिरा लिहिली, मला अजून पाठ आहे. पहिल्या रकान्यात: 'मी मरेन.' दुसऱ्यात: 'हसले. मग सर पुढच्या गणिताकडे गेले. डब्यात भेंडी होती.'

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायचे आणि भीती वाटते ते प्रत्यक्ष करून बघायचं. आपल्याकडे ती रुजवली कि. मो. फडके सरांनी. एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि महाराष्ट्रातल्या आमच्यासारख्या अनेकांनी ती त्यांच्यामुळे शिकली. हे एलिस स्वतः तरुणपणी भयंकर लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचं. सुमारे १३० जणींच्या शेजारी ते जाऊन बसले. ३० उठून गेल्या. उरलेल्या शंभरेक जणींशी बोलणं झालं. भेटायला यायचं कबूल केलं फक्त एकीने, आणि तीही आली नाही. पण भीती गेली ती गेलीच. (आजच्या पोरांनी याची नक्कल करू नये, हे मी मुलांना आवर्जून सांगते. ते हसतात.) आधी विश्वास वाटेल आणि मग मी बोलेन, असं मूल म्हणत असतं. क्रम उलटा आहे. कापऱ्या आवाजात बोलायचं, आणि विश्वास मागून, रडतखडत येतो.

फडके सरांच्या पद्धतीत शब्दांवर बारीक नजर असते, आणि मराठी त्याला फार सोयीची आहे. मुलं म्हणतात, 'मी अडखळता कामाच नये.' त्या 'च' ला आम्ही पकडतो. अडखळलो नाही तर बरं, अडखळलो तर वाईट वाटेल, पण त्याने मी बिनडोक ठरत नाही. हे वाक्य पाठ करून उपयोग नसतो. चटणी, तिकीट, वही यांतून ते अंगात मुरावं लागतं.

किती भेटी? भीतीपुरतंच असेल तर आठवड्याला एक अशा आठ ते बारा. त्यात सुधारणा दिसली नाही तर काउन्सेलरनेच पुढे पाठवायला हवं. आणि काउन्सेलर गोळ्या देत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. डॉक्टरांनी दिल्या तर मनाने बंद करू नका. विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या वागण्यावर बारीक लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा.

कुणाकडे जायचं, यात सध्या गोंधळ फार आहे. तीन आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन पाटी लावणारे आहेत. निःसंकोच विचारा: मानसशास्त्रात एम.ए. आहे का, मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, कुणाच्या देखरेखीखाली शिकलात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. बोटांचे ठसे घेऊन 'मेंदूचा कल' सांगणारी डीएमआयटी चाचणी कुणी गळ्यात मारू लागलं तर उठून या. तिला शास्त्रीय आधार नाही, आणि त्या पैशांत चार-सहा भेटी होतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे मराठीत काम चालतं. मराठीत हे महत्त्वाचं. ज्या मुलाला इंग्रजीचीच धास्ती आहे त्याला इंग्रजीत मन मोकळं करायला लावण्यात काय अर्थ?

मिस्टरांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' ही शिवी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं, म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, त्यावरून ही शिवी लोकांच्या तोंडात आहे, आणि तुम्ही पोराला न्यायचं म्हणताय तेही ठाण्यालाच. त्यांच्या पोटात धस्स झालं तर नवल नाही. त्यांना एवढंच सांगा: २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. त्यांच्या मार्केटातल्या ओळखीच्यांमध्येही कुणा ना कुणाच्या घरात असं मूल सापडेल, फक्त कुणी बोलत नाही. शिवाय तुमचा मुलगा वेडा आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

वडिलांना एक काम द्या. हमालीचं, तोलाईचं, जे काही ते मार्केटात करत असतील, तिथे पहिल्या दिवशी काय फजिती झाली होती ते मुलाला सांगायला लावा. उपदेश न जोडता. गावाहून आलेला माणूस मुंबईत पहिल्यांदा कसा बुजला होता, हे त्या मुलाने बापाच्या तोंडून बहुधा कधीच ऐकलेलं नसतं.

तुमच्यासाठीही आहे. त्याला 'हुशार' म्हणणं महिनाभर बंद करा. म्युलर आणि ड्वेक या संशोधिकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढे अवघड प्रश्न टाळतात, आणि मेहनतीची स्तुती झालेली अवघड प्रश्न मागून घेतात. हुशारी हे ओझं होतं, ते सांभाळायचं तर हरणारी जागा टाळावी लागते. पाहुणे आले की त्याच्या वतीने बोलू नका. 'कॉलेज कसं चाललंय?' असं मामाने विचारलं, तो गप्प राहिला, तरी मनात दहा आकडे मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला काहीतरी पुटपुटेल. ते पुरे.

क्लास सोडवायचा का, हे आत्ता ठरवू नका. भरलेल्या फीकडे बघून तर अजिबात नको. चार-पाच भेटींनंतर तो, तुम्ही आणि काउन्सेलर मिळून ठरवा. दरम्यान क्लासमधल्या एखाद्या समंजस शिक्षकाला गाठून एवढीच विनंती करा की महिनाभर त्याला अचानक उभं करू नका, आणि उत्तर मराठी-इंग्रजी मिसळून दिलं तर चालवून घ्या. बहुतेक जण ऐकतात. त्यांतले कितीतरी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले असतात.

त्याला आणणार कसं? 'तुला प्रॉब्लेम आहे' म्हणून आणू नका, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय असं खोटं सांगूनही नको. अशा फसवून आणलेल्या मुलाचा भरवसा मिळवायला मला महिना लागतो. 'तू दमलेला दिसतोस, मला काय करावं कळत नाही, म्हणून मी एका बाईंना भेटणार आहे, तूही चल, एकदाच' असं म्हणा. नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जा. आई येऊन गेली म्हणून महिन्याने आलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ आहेत.

पहिल्या भेटीला मार्कशीट आणू नका, मी बघत नाही. कोपरखैरण्याहून ठाणे वीसेक मिनिटं. मिस्टर सोबत आले तर बरं, आत नाही बसले तरी चालेल, खाली चहाची टपरी आहे.